पाण्यातील पृथ्वी

भारतीय धर्मविचारात पाण्याचे स्थान दुहेरी आहे, कारण ते शुद्धीचे साधनही आहे आणि शुद्धीचा विषयही आहे. हात, भांडी, वस्त्रे, देवाची मूर्ती आणि मृताचे शरीर ही सर्व पाण्याने शुद्ध होतात असे मानले, तर ते पाणी स्वतः शुद्ध आहे हे कशावरून ठरवायचे आणि ते अशुद्ध निघाल्यास त्याला शुद्ध करणारे दुसरे द्रव्य कोणते, हा प्रश्न टाळता येत नाही. एका पाण्याची शुद्धी दुसऱ्या पाण्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर सोपवत गेले, तर न्यायशास्त्र ज्याला अनवस्था म्हणते तो, म्हणजे कोठेच न थांबणाऱ्या कारणमालिकेचा, दोष येतो. धर्मशास्त्रकारांनी ही मालिका नदीकाठी तोडली, आधुनिक जलशास्त्राने ती प्रयोगशाळेत तोडली, आणि आजच्या शहरी वस्तीत ती बहुधा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या यंत्रापाशी तुटते. शुद्धता हा पाण्याचा स्वतःचा गुण आहे, की पाणी, ते वापरणारा आणि वापराचा हेतू या तिहींमधील संबंध आहे, हा जुना तात्त्विक प्रश्न त्यामुळे नळाच्या पाण्याच्या अगदी व्यावहारिक चर्चेतही दडलेला असतो. त्या चर्चेत तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही, एवढेच.

या प्रश्नाच्या विचारासाठी पुण्याचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ते पेठांमधील हौदांत सोडले गेले. पुढे १८७०च्या दशकात मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण उभे राहिले, आणि आज खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांवर शहराची तहान मुख्यतः भागते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून वेगाने वाहत धरणात उतरत असल्याने त्याला खडकातील क्षार विरघळवून घ्यायला फारसा अवधी मिळत नाही, आणि म्हणून धरणाचे पाणी ‘हलके’ असते. परंतु शहर धरणाच्या नळांहून वेगाने वाढले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली, आणि वाघोली, पिसोळी, उंड्री यांसारख्या भागांतील गृहसंकुलांच्या टाक्यांमध्ये धरणाचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी दिवसागणिक बदलत्या प्रमाणात मिसळू लागले. अशा टाकीतील पाणी सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरेच असते. त्याला एकच एक ‘स्वभाव’ आहे असे म्हणणे कठीण होते, आणि विचाराला खरी सुरुवात येथूनच होते.

बोअरच्या पाण्याबद्दलची नेहमीची तक्रार ते ‘जड’ आहे ही असते, आणि शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तेथील कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शोषून घेते आणि सौम्य आम्लधर्मी होते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून सावकाश झिरपताना ते या खडकातील खनिजांमधून, तसेच काळ्या मातीतील चुनखडीच्या खड्यांमधून, कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. या दोन धातूंच्या विद्राव्य क्षारांचे प्रमाण म्हणजेच पाण्याचे काठिण्य, आणि ते एका लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तुल्य आहे अशा रीतीने मोजतात. क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतील तर पाणी उकळल्यावर ते अविद्राव्य होऊन तळाशी बसतात, म्हणून त्या काठिण्याला अस्थायी म्हणतात. ते सल्फेट वा क्लोराइडच्या रूपात असतील तर उकळूनही जात नाहीत, आणि त्याला स्थायी म्हणतात. गिझरच्या कॉइलवर साचणारा थर, तोटीभोवतीचे पांढरे डाग, साबणाला न येणारा फेस आणि कितीही शिट्ट्या झाल्या तरी बोटचेपी न होणारी तूरडाळ ही सर्व याच दोन धातूंची कामे आहेत. ते साबणातील स्निग्धाम्लांशी जोडले जाऊन चोथा करतात, आणि डाळीच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनला बांधून ठेवून तिला मऊ होऊ देत नाहीत.

हे वर्णन वैशेषिक दर्शनाच्या भाषेत सांगायचे झाले, तर जड पाणी म्हणजे ज्यात पृथ्वीचा अंश अधिक आहे असे पाणी. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात रचलेल्या ‘तर्कसंग्रहा’त, जो अजूनही पाठशाळांमध्ये न्यायशास्त्राचे पहिले पुस्तक म्हणून शिकवला जातो, पाण्याचे लक्षण शीत स्पर्श हे दिले आहे, त्याचा रंग न झळाळणारा शुभ्र आणि त्याचा रस केवळ मधुर मानला आहे. मग समुद्राचे पाणी खारट आणि लिंबाचा रस आंबट का लागतो, या शंकेला नैयायिकांचे उत्तर असे की तो खारटपणा वा आंबटपणा पाण्याचा नसून त्यात मिसळलेल्या पार्थिव द्रव्याचा आहे आणि तो पाण्यावर उसना भासतो. पाणी मुळात गोड असते तर ते जिभेला का जाणवत नाही, असे विचारल्यास हिरड्यासारखे फळ खाऊन वर पाणी पिण्याचा दाखला दिला जातो, कारण तेव्हा पाण्याचा सुप्त गोडवा प्रकट होतो. आवळा खाऊन पाणी प्यालेल्या कोणालाही हा दाखला परिचित वाटेल. (आधुनिक शरीरशास्त्र या अनुभवाचे श्रेय पाण्याऐवजी जिभेला देईल, पण नैयायिकांनी प्रश्न अनुभवाच्या कसोटीवर घेतला ही गोष्ट लहान नाही.) पाण्याचे शुद्ध रूप आणि त्याला लागलेली उपाधी यांत भेद करण्याची ही पद्धत आजच्या रसायनशास्त्राच्या बरीच जवळची आहे, आणि तांब्यात येणाऱ्या पाण्यात पार्थिव अंश मिसळलेला असू शकतो हे तीत गृहीत आहे.

वेदान्ताने हीच गोष्ट अधिक ठामपणे मांडली. पंचीकरण या प्रक्रियेनुसार प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी आठवा भाग असतो, म्हणजे पिण्याजोगे जे जे पाणी आहे त्यात पृथ्वीचा वाटा आधीपासूनच ठरलेला आहे. आयुर्वेदात या मुद्द्यावर एक लक्षणीय मतभेद दिसतो. पाण्याची चव भूमीच्या रंगावर अवलंबून असते, उदाहरणार्थ पांढऱ्या मातीत ते तुरट, खाजणीत खारट आणि काळ्या मातीत गोड होते, असे ‘चरकसंहिता’ सांगते. ‘सुश्रुतसंहिता’ मात्र हे मत नोंदवून ते नाकारते आणि पाण्याचा रस पृथ्वी आदी भूतांच्या परस्परांतील प्रवेशाच्या कमीअधिक प्रमाणावर ठरतो असे प्रतिपादन करते. काळ्या मातीच्या महाराष्ट्रातील बोअरचे पाणी चाखलेल्या माणसाचा कौल येथे सुश्रुताच्या बाजूने जाईल, कारण रंगाला महत्त्व नाही, मिसळणीला आहे. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांचे पाणी त्वचारोग उत्पन्न करते असेही सुश्रुताने लिहून ठेवले आहे, ज्याकडे खडकवासल्याच्या पाण्याची थोरवी सांगणारे पुणेकर अर्थातच दुर्लक्ष करतात. मराठीत हा विचार समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’तील सोळाव्या दशकात येतो, तेथे आपनिरूपणाच्या समासात पाणी ज्या ज्या पदार्थाला मिळेल त्याच्यासारखे होते, एकाच्या संगतीने कडू, दुसऱ्याच्या संगतीने गोड आणि आणखी कोणाच्या संगतीने तिखट, तुरट वा क्षारयुक्त होते, असे सांगितले आहे. संगतीने बदलणे हा पाण्याचा दोष आहे असे समर्थांचे म्हणणे नाही. तो पाण्याचा धर्मच आहे.

असे असेल तर काठिण्य म्हणजे अशुद्धता असे समीकरण मांडता येणार नाही. भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये, काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास सहन करण्याजोगी मर्यादा ६०० मिलिग्रॅम दिली आहे. एकाच गुणासाठी दोन मर्यादा, आणि त्याही पाण्याकडे पाहून नव्हे तर पिणाऱ्याच्या परिस्थितीकडे पाहून, ही बाब तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावी अशी आहे. शासकीय मानकाने येथे नकळत आपद्धर्माची, म्हणजे अडचणीच्या काळी नेहमीचा नियम सैल करणाऱ्या धर्माची, संकल्पना स्वीकारली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर काठिण्यासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा सुचवलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम ही शरीराला लागणारी द्रव्ये आहेत, आणि जड पाण्याने मुतखडा होतो ही सार्वत्रिक समजूत निर्णायक पुराव्यावर उभी नाही. तात्पर्य, जे पाणी कपडे धुण्यास वाईट आणि डाळ शिजवण्यास त्याहून वाईट, तेच पिण्यास निर्दोष असू शकते. गुणदोषाचा निवाडा हेतूच्या संदर्भाशिवाय करता येत नाही हे येथे अनुमान राहत नाही; ते चुलीवर दिसते.

आता धर्मशास्त्राने अनवस्थेची मालिका कोठे तोडली ते पाहणे आवश्यक आहे. ‘मनुस्मृती’च्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात भूमीवरील पाण्याची कसोटी अशी दिली आहे की जे पाणी एका गाईची तहान भागेल इतके आहे, ज्यात अमेध्य पदार्थ मिसळलेला नाही आणि ज्याचे गंध, वर्ण व रस जसे असावेत तसे आहेत, ते शुद्ध होय. कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेचे आहेत तिच्यातही पाणी एका ठराविक परिमाणाहून अधिक असेल आणि त्याचा रंग, वास व चव बदललेली नसेल तर ते धार्मिक शुद्धीला चालते, असा नियम आहे. दोन वेगळ्या परंपरांनी राशी आणि इंद्रियानुभव या दोनच गोष्टींवर भर द्यावा हे साहजिक होते, कारण मोठ्या राशीत दोष विरळ होतो आणि उरलेल्या दोषाची साक्ष नाक, डोळे व जीभ देतात. परंतु मनुस्मृती आणि ‘याज्ञवल्क्यस्मृती’ आणखी एक नियम सांगतात. ज्याचा दोष दिसलेला वा कळलेला नाही, जे पाण्याने धुतलेले आहे किंवा ज्याला वाणीने शुद्ध म्हटले आहे, ते शुद्ध समजावे. अज्ञात दोष हा दोषच नव्हे, हे तत्त्व माणसाला शंकेच्या आजारातून सोडवणारे आहे. त्यावाचून कोणाही गृहस्थाला सकाळची आंघोळ उरकता आली नसती.

नेमक्या याच तत्त्वाला एकोणिसाव्या शतकातील जंतुशास्त्राने धक्का दिला. पटकी, विषमज्वर आणि हगवण यांचे जंतू पाण्याचा रंग बदलत नाहीत, वासही देत नाहीत. पाणी नितळ, हलके आणि गोड असताना मारक असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे संशयाने पाहिले गेले. याउलट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या संकुलात तोटीवर पांढरा थर पाहून रहिवासी धास्तावतात, जरी तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्याच जातीचा, असतो. दिसणारे निरुपद्रवी आणि न दिसणारे घातक अशी ही उलटापालट आहे, आणि तिने प्रत्यक्ष प्रमाणावर उभारलेली शुद्धीची जुनी व्यवस्था ज्ञानशास्त्राच्या अंगाने मोडकळीस आणली. सुश्रुताने गढूळ पाणी निवळण्यासाठी सांगितलेल्या सात उपायांत निवळीच्या बियांचा आणि वस्त्राने गाळण्याचा समावेश आहे, आणि जलशुद्धीकरण केंद्रातील तुरटीचे काम निवळीपेक्षा तत्त्वतः फार वेगळे नाही. पण तुरटीनंतर क्लोरिन येतो तो अदृश्याच्या भीतीमुळे, आणि ती भीती सर्वस्वी आधुनिक आहे.

प्रत्यक्षावरचा विश्वास उडाला की अनुमानाचे महत्त्व वाढते, आणि अनुमान वाढले की हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण निष्कर्षाला आधार न देणारा हेतू, त्याच्या पाठोपाठ येतो. आजच्या मध्यमवर्गीय घरात पाण्याचा निवाडा बहुतेक वेळा टीडीएस मीटरने होतो. पाण्यातील एकूण विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण हे मीटर विद्युतवाहकतेवरून अंदाजाने दाखवते. काय विरघळले आहे हे त्याला कळत नाही आणि जंतूंची तर त्याला दादही नसते. तरीही ‘हे पाणी शुद्ध आहे, कारण मीटरवरचा आकडा लहान आहे’ असे अनुमान सर्रास केले जाते. न्यायशास्त्राप्रमाणे हा सव्यभिचार हेतू आहे, म्हणजे जेथे सिद्ध करायची गोष्ट नाही तेथेही आढळणारा हेतू, कारण धरणाच्या पाण्यात मैला मिसळला तरी आकडा लहानच राहू शकतो. जलशुद्धीकरण यंत्रांचे काही विक्रेते दारात येऊन करून दाखवतात तो प्रयोग याहून सरस आहे. नळाच्या पाण्यात विजेच्या कांड्या बुडवल्या की ते गढूळ तांबूस होते, यंत्रातील पाणी मात्र स्वच्छ राहते, आणि पाहणारा गृहस्थ हादरतो. तो रंग पाण्यातून नव्हे, कांडीतील लोखंडातून आलेला असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजते, आणि क्षारविरहित पाण्यातून ती जेमतेम वाहते म्हणून ते झिजत नाही. अग्नीवरून धूर सिद्ध करू पाहणाऱ्याला नैयायिक ओल्या सरपणाची उपाधी, म्हणजे न सांगितलेली पण निष्कर्षाला आवश्यक असलेली अट, दाखवून देतात; येथे लोखंडी कांडी हे ते ओले सरपण आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एखादा तर्कशास्त्री असता तर बराच खर्च वाचला असता.

यंत्र नेमके काय करते हाही प्रश्न तात्त्विक आहे. पाणी मृदू करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये राळेचे मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुतात आणि सगळा क्षार गटारात जातो. म्हणजे पृथ्वी गेली नाही, एका पृथ्वीच्या जागी दुसरी आली. आरओ, म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलणारी पद्धत, क्षार खरोखर वेगळे काढते, पण बऱ्याच घरगुती यंत्रांत गाळून मिळणाऱ्या पाण्याहून अधिक पाणी त्या क्षारांसह बाहेर फेकले जाते; आणि मिळालेले पाणी चवीला निर्जीव लागते म्हणून त्यात पुन्हा खनिजे घालणारी नळकांडी बसवली जाते. वेदान्त्याने सांगितलेला पृथ्वीचा वाटा अशा रीतीने आधी पैसे देऊन काढला जातो आणि मग पैसे देऊन परत घेतला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी असेल तेथे आरओ यंत्रांवर बंदी घालावी असे निर्देश दिले, त्यामागे या अपव्ययाचाच विचार होता. यासंदर्भात जैन आचाराशी तुलना उद्बोधक ठरते. जैन विचारात पाणी स्वतःच अप्कायिक जीवांचे शरीर आहे आणि त्यात त्रस, म्हणजे हालचाल करणारे, सूक्ष्म जीवही वावरतात. म्हणून पाणी जाड वस्त्रातून गाळून घेतात आणि मुनींसाठी ते उकळून प्रासुक, म्हणजे निर्जीव, करतात. पण गाळल्यानंतर वस्त्रात उरलेले, ज्याला जिवाणी म्हणतात, ते ज्या विहिरीतून पाणी काढले तिथेच परत सोडावे असा नियम आहे. येथे गाळण्याची चिंता पिणाऱ्याच्या पोटाची नसून पाण्यातील जीवांची आहे, आणि जे बाजूला काढले त्याचे पुढे काय होते याची जबाबदारी गाळणाऱ्यावर आहे. आधुनिक यंत्राला हा दुसरा प्रश्न पडतच नाही.

शुद्धता हा संबंध आहे असे म्हटल्यावर तो कोणाकोणामधील संबंध आहे हेही सांगावे लागते, आणि येथे धर्मशास्त्राची बाजू एकाच वेळी सर्वांत उदार आणि सर्वांत लज्जास्पद दिसते. इष्टापूर्त या जोडशब्दातील इष्ट म्हणजे यज्ञ आणि पूर्त म्हणजे विहिरी, तलाव, धर्मशाळा, वनराई अशी लोकोपयोगी कामे. तलाव वा विहीर बांधून झाल्यावर तिचा उत्सर्ग करायचा असतो, म्हणजे हे पाणी सर्व भूतांसाठी सोडले असा संकल्प करून दात्याने त्यावरील आपले स्वामित्व संपवायचे असते. मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात लिहिलेल्या ‘भगवंतभास्कर’ या बारा मयूखांच्या ग्रंथात शुद्धिमयूख आणि उत्सर्गमयूख असे दोन स्वतंत्र भाग आहेत. एकात द्रव्य कसे शुद्ध होते याचा विचार आहे आणि दुसऱ्यात ते सर्वांचे कसे होते याचा. त्याच पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, आणि ती मनूच्या कसोटीचा आश्चर्यकारक विस्तार आहे, कारण गाईच्या तहानेने पाण्याची शुद्धता मोजायची तर गाढवाच्या तहानेने का मोजू नये, याला शास्त्राजवळ सरळ उत्तर नाही.

पण व्यवहारात ‘सर्व भूते’ या शब्दांतून माणसांचा एक मोठा समूह वगळलेला होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने ठराव करून खुले केलेले असताना २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तेथील पाणी घेतले तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला, आणि नंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत आणि अन्य धर्मांचे लोकही ते भरत. जो दोष कोणत्याही प्रयोगशाळेला सापडला नसता, गंध, वर्ण आणि रस यांतही उतरला नव्हता, आणि मनूच्या गाईलाही जाणवला नसता, त्या दोषाच्या निवारणासाठी शेण आणि गोमूत्र पाण्यात मिसळले गेले, म्हणजे जंतुशास्त्राच्या दृष्टीने त्या दिवशी तळे खरोखरच दूषित झाले. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांना मज्जाव करणारी कोणतीही अनादी रूढी सिद्ध झालेली नाही असा निर्णय दिला. शुद्धता हा पाण्याचा गुण आहे असे म्हणणाऱ्यांना महाडचे स्पष्टीकरण देता येत नाही. तेथे शुद्धता ही फक्त माणसांमध्ये आखलेली रेघ होती.

ही रेघ आज पुसली गेली आहे असे मानणे धाडसाचे होईल. नळ प्रथम आले तेव्हा तोटीत चामड्याचा वायसर असतो म्हणून सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या वृद्ध स्त्रिया नळाचे पाणी न घेता विहिरीचेच घेत, आणि सुधारक त्यांना हसत. आज त्याच सुधारकांच्या पणतवंडांच्या घरात तीन तऱ्हेची पाणी असतात: संडासाला टँकरचे, आंघोळीला सॉफ्टनरमधले आणि पिण्याला आरओचे, आणि धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना तहान लागल्यावर यांपैकी कोणते मिळते, हा प्रश्न विचारला तर उत्तर देताना बरेच जण अडखळतात. सोवळ्याची रचना, म्हणजे बाहेरचे सर्व संशयास्पद आणि उंबरठ्याच्या आतले सुरक्षित असे जगाचे दोन भाग, यंत्राच्या रूपाने परत आली आहे, आणि या वेळी तिला विज्ञानाची भाषा मिळाली आहे. ज्या भागात पाण्यात फ्लोराइड वा अतिरिक्त क्षार आहेत तेथे यंत्र आवश्यकच आहे, आणि ज्याच्या टाकीत आज संशयास्पद पाणी आले आहे त्याला सार्वजनिक व्यवस्था सुधारेपर्यंत तहानलेले राहा असे सांगणे हा निर्दयपणा आहे. आक्षेप यंत्राला नाही. घरातल्या एका तोटीपुरती शुद्धता मिळाली की टाकीची, विहिरीची आणि नदीची चिंता संपते, आणि पूर्तकर्माची जागा केवळ खरेदी घेते, याला आक्षेप आहे.

या चर्चेतून जो निष्कर्ष निघतो तो स्मृतींनी सांगितलेल्या तिसऱ्या शुद्धीकडे, म्हणजे वाणीने सांगितलेल्या शुद्धीकडे, परत नेतो. प्रत्यक्षाने जंतू दिसत नाहीत आणि घरगुती अनुमान हेत्वाभासात अडकते, तर सामान्य माणसाजवळ उरते ते शब्दप्रमाण. न्यायशास्त्रात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे व जो ती जशी आहे तशी सांगतो तो. महापालिकेची प्रयोगशाळा, सोसायटीची समिती आणि टँकरचा पुरवठादार हे आजचे आप्त होऊ शकतात, पण ते होण्यासाठी त्यांनी आधी तपासले पाहिजे आणि मग बोलले पाहिजे. न तपासता दिलेली ग्वाही आणि तपासून दडवलेला निकाल या दोहोंनीही आप्तत्व नष्ट होते. मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेला असावा आणि १०० मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात ई. कोलाय जीवाणू आढळू नये. प्रत्येक गृहसंकुलाने आपल्या टाकीतील क्लोरिन रोज आणि जीवाणू व काठिण्य ठराविक काळाने तपासावे, टँकरच्या पाण्याचा उगम विचारून लिहून ठेवावा, आणि हे सारे तारखेसह अशा फलकावर लावावे की जो रहिवाशांइतकाच पहारेकऱ्याला आणि घरकामाच्या बाईंनाही वाचता येईल. क्लोरिनच्या तपासणीसाठी ग्रामपंचायतींचे पाणीपुरवठा कर्मचारी वर्षानुवर्षे ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन, चाचणी करत आले आहेत. तिला एक काचनळी आणि द्रावणाचे काही थेंब लागतात, आणि पाच मिनिटांत ती पूर्ण होते.